चामड्यावरील कोरीवकाम : काप खडबडीत येतात आणि ठसे फिके पडतात

शिकाऊ_हात

नमस्कार. चामड्यावर स्विव्हल नाइफने (बोटांनी दांडा फिरवून पाते वळवता येणाऱ्या छोट्या सुरीने) नक्षी कापून ती ठशांनी उठवण्याचे काम मी नुकतेच सुरू केले आहे. सुरुवातीच्या तुकड्यांवर त्याच त्याच अडचणी येत असल्यामुळे येथील जाणकारांना विचारत आहे. माझ्याकडे सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे न रंगवलेले व्हेज-टॅन (झाडांच्या टॅनिनने कमावलेले) चामडे, एक साधा स्विव्हल नाइफ, सहा मूलभूत ठसे, पॉलिमरची मोगरी आणि खाली ठेवायला ग्रॅनाइटची लादी एवढे साहित्य आहे. नक्षी मुद्दाम सोपी निवडली आहे : पाच पाकळ्यांचे एक फूल, दोन पाने आणि वळणदार देठ.

पहिली अडचण सुरीची आहे. सरळ रेघ बरी येते, पण पाकळीच्या वळणावर पाते अडखळते, कापाच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि एकाच रेघेत खोली कमीजास्त होते. दुसरी अडचण बेव्हलरची, म्हणजे कापाची कड उतरती दाबणाऱ्या ठशाची, आहे. कापाच्या कडेने सलग उतार यायला हवा, त्याऐवजी मला जिन्याच्या पायऱ्या दिसतात. तिसरी गोष्ट अशी की काम चालू असताना ठसे स्पष्ट वाटतात, पण चामडे वाळले की ते फिके आणि उथळ होतात. शिवाय मुळात काटकोनात कापलेला तुकडा ठोकून झाल्यावर रुंदीला वाढलेला आढळतो, त्यामुळे त्याचे वहीचे वेष्टण करायचे म्हटले तर माप जुळत नाही.

एका जुन्या पिशवीचे मऊ चामडेही वापरून पाहिले, परंतु त्यावर ठसा उमटतच नाही. अधिक महाग सुरी आणि आणखी ठसे घेतल्यास यातील काही सुटेल का, हेही कृपया सांगावे.

जुनी_मोगरी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : तूर्त काहीही विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी निदान तीन चामड्यातील ओलाव्याशी निगडित आहेत आणि ओलावा साधला नाही तर कितीही चांगले हत्यार तसेच वागेल.

पिशवीचे चामडे बहुधा क्रोम-टॅन असावे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यातील तंतू एकमेकांशी फार घट्ट बांधले जातात, पाण्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि दाब काढला की ते मूळ जागी परत येतात. पिशव्या, कपडे आणि आसनांसाठी हाच गुण हवा असतो, पण कोरीवकामासाठी तो निरुपयोगी आहे. झाडांच्या सालीतील किंवा लाकडातील टॅनिनने कमावलेले चामडे याच्या उलट वागते. ते पाणी पिते तेव्हा त्यातील तंतू किंचित सरकू शकतात, दाबले तर दाबलेल्या जागी राहतात आणि वाळल्यावर तिथेच स्थिरावतात. आपली सारी कला एवढ्या एका गुणावर उभी आहे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे न रंगवलेल्या, लेप नसलेल्या व्हेज-टॅनच्या गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब टाकला की तो लवकर शोषला जातो आणि तेवढी जागा गडद होते. कापलेल्या कडेचा रंगही आतपर्यंत फिकट तपकिरी असतो. क्रोमच्या न रंगवलेल्या गाभ्यात अनेकदा निळसर-करडी छटा दिसते.

आता ओलाव्याबद्दल. स्वच्छ पाण्यात स्पंज बुडवून, थोडा पिळून, चामड्याच्या संपूर्ण वरच्या बाजूवर एकसारखा फिरवावा. नक्षी एका कोपऱ्यात असली तरी पूर्ण तुकडा ओला करावा, अन्यथा ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर पाण्याचा डाग राहतो. त्यानंतर लगेच काम सुरू करण्याचा मोह आवरावा. ओले चामडे गडद दिसते, मग हळूहळू पृष्ठभाग मूळ फिकट रंगाकडे परतू लागतो, पण आत ओल असते आणि गालाला लावल्यास चामडे गार लागते. काम सुरू करण्याची वेळ ती. घाई नसेल तर ओला केलेला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवावा, म्हणजे ओलावा जाडीभर सारखा पसरतो आणि दुसऱ्या दिवशी सुरीही ठशांइतकीच सुखाने चालते. मात्र ओले चामडे पिशवीत दिवसेंदिवस विसरू नये, कारण त्यावर बुरशी येते. काम अर्धवट ठेवावे लागणार असेल तर पिशवी शीतकपाटात ठेवणारे अनेक जण आहेत आणि ते योग्यच आहे.

ओलावा बरोबर आहे का, हे चामडेच सांगते, त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. ठसा मारल्यावर दाबलेली जागा आपोआप गडद तपकिरी झाली, तर सर्व ठीक आहे. ठशाच्या भोवती पाणी पाझरले, चामडे फुगले आणि रंग मुळीच गडद झाला नाही, तर चामडे फार ओले आहे. अशा स्थितीत उठवलेला ठसा वाळताना परत वर येतो, आणि तुमचे ठसे फिके पडण्याचे कारण मला हेच दिसते. उलटपक्षी, खूप जोरात ठोकूनही जेमतेम खूण उमटत असेल तर चामडे कोरडे झाले आहे. त्यावर स्पंजाचा हलका हात फिरवून पुन्हा थोडा वेळ थांबावे.

लोखंडाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. ओले व्हेज-टॅन चामडे लोखंडी भांड्यात, गंजलेल्या पट्टीखाली किंवा लोखंडाचा कीस सांडलेल्या टेबलावर ठेवू नये. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने निळे-काळे डाग पडतात. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाई याच रासायनिक क्रियेने तयार होत असे, यावरून तो डाग किती पक्का असेल याची कल्पना यावी. ताज्या डागावर लिंबाच्या रसाचा हलका हात फिरवून नंतर साध्या पाण्याने पुसल्यास तो बराच फिका होतो, पण तशी वेळ येऊ न दिलेली बरी.

रेघोटी

मी केवळ सुरीबद्दल लिहिते, कारण ओलाव्याचा विषय वर सविस्तर आला आहे.

वळणावर पाते अडखळणे आणि कडा फाटणे ही बोथट किंवा पुरेशी न घोटलेल्या पात्याची लक्षणे आहेत. कारखान्यातून आलेल्या पात्याला धार असते, पण त्याच्या दोन्ही उतारांवर घासकामाच्या सूक्ष्म रेषा असतात आणि त्याच चामड्याला धरून ठेवतात. सपाट लाकडी पट्टीवर चामड्याचा तुकडा किंवा गुळगुळीत पुठ्ठा चिकटवावा, त्यावर पॉलिश करण्याचा हिरवा मसाला, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, घासावा आणि पात्याचा उतार त्यावर पूर्ण टेकवून फक्त मागे ओढावा. पुढे ढकलल्यास धार पट्टीत रुतते. दोन्ही बाजू सारख्या वेळा ओढाव्यात आणि उतार आरशासारखा चमकेपर्यंत थांबू नये. पुढे काम करतानाही मधूनमधून, पाते जरा जड वाटू लागताच, चार-दोन वेळा ओढावे. माझ्या मते नवीन सुरीपेक्षा ही पट्टी अधिक मोलाची आहे आणि ती घरच्या घरी तयार होते.

दुसरा मुद्दा पकडीचा. तर्जनी वरच्या खोबणीत टेकवावी, अंगठा आणि मधले बोट यांनी दांडा धरावा आणि करंगळीची बाजू चामड्यावर टेकवून हात स्थिर करावा. खाली दाब तर्जनी देते आणि वळण अंगठा व मधले बोट दांडा फिरवून देतात. नवशिके मनगट वळवतात, त्यामुळे पाते एका बाजूला कलते आणि काप चामड्यात तिरपा जातो. तिरप्या कापाची एक कड पातळ राहते आणि बेव्हलर लागताच ती फाटते. म्हणून डावीउजवीकडे पाते नेहमी सरळ उभे असावे. पुढे-मागे मात्र ते किंचित पुढे झुकवावे, म्हणजे पूर्ण धार न लागता केवळ पुढचे टोक कापते आणि वळणे सहज घेता येतात. सुरी स्वतःकडे ओढावी आणि अवघड वळण आले की हात वाकवण्याऐवजी चामडे लादीवर फिरवावे.

कापाची खोली जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी असावी. तुमच्या ३ मिलिमीटरच्या चामड्यात ती १ ते १.५ मिलिमीटर भरते. रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी दाब हलका करून काप निमुळता संपवावा. जी पाकळी सर्वांत पुढे आहे ती आधी कापावी. मागची रेघ पुढच्या रेघेपाशी आली की किंचित अलीकडे थांबावी, कारण एकमेकींना छेदणारे काप नंतर कोणत्याही ठशाने झाकले जात नाहीत.

सरावासाठी फूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकाऊ तुकड्यावर समांतर रेघा, मग नागमोडी रेघा, मग लहान होत जाणारी वर्तुळे कापावीत. कंटाळवाणे आहे, पण या कामाला दुसरी पळवाट मला ठाऊक नाही.

पाणकळा

वर सुचवलेली रात्रभर पिशवीत ठेवण्याची पद्धत मला अनावश्यक वाटते. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी मी चामडे सरळ पाण्यात बुडवतो, बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढतो आणि रंग परतू लागला की कामाला लागतो. ओलावा आतपर्यंत जातो आणि बराच वेळ टिकतो. पुन्हापुन्हा स्पंज फिरवत बसावे लागत नाही.

जुनी_मोगरी

पाणकळा, आपली पद्धत चुकीची नाही. सुट्या चकतीसाठी किंवा किल्लीच्या बिल्ल्यासाठी ती चालते. पण मूळ प्रश्नात तुकडा पसरण्याची तक्रार आहे आणि पूर्ण भिजलेले चामडे ठोकताना सर्वांत जास्त पसरते, शिवाय मागून कागद किंवा टेप लावायचा झाल्यास तो भिजलेल्या बाजूला चिकटत नाही. ज्या वस्तूचे माप पाळायचे आहे तिच्यासाठी पाणी वरच्याच बाजूने द्यावे, या मतावर मी कायम आहे.

पाणकळा

मापाचा मुद्दा मान्य आहे. मी बहुतेक लहान वस्तूच करतो, त्यामुळे तो माझ्या लक्षात आला नव्हता.

शिकाऊ_हात

सर्वांचे मनापासून आभार. पाते घोटल्यानंतर वळणे खरोखरच सुधारली आहेत आणि ओलावा थोडा कमी ठेवल्यावर ठशांचा रंगही गडद येऊ लागला आहे. बेव्हलरच्या पायऱ्या मात्र अजून जात नाहीत. तसेच कोणता ठसा कोणाच्या आधी वापरायचा, याचा काही नियम आहे का? चामडे पसरू नये म्हणून मागून टेप लावण्याविषयीही अधिक माहिती मिळाल्यास बरे होईल.

उतरंड

बेव्हलरबद्दल माझा अनुभव लिहितो.

पायऱ्या पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ठसा एका ठोक्यानंतर फार पुढे सरकतो. बेव्हलरची जाड कड कापात बसवावी आणि प्रत्येक ठोक्यानंतर ठसा स्वतःच्या रुंदीच्या एक चतुर्थांश, फार तर एक तृतीयांश एवढाच पुढे न्यावा. ठोके हलके, सारख्या जोराचे आणि जलद असावेत. सरावलेला कारागीर ठसा उचलून ठेवत नाही. तो पृष्ठभागावरच सैल धरलेला असतो, ठोक्यासरशी किंचित उसळतो आणि बोटे त्याला तेवढ्यात पुढे सरकवतात. एका फेरीत पूर्ण खोली गाठण्याचा हट्ट न धरता पहिली फेरी हलकी आणि दुसरी त्याहून खोल, असे केल्यास उतार आपोआप सलग होतो. तरीही खुणा राहिल्या तर चामडे ओलसर असतानाच मॉडेलिंग चमच्याच्या पाठीने त्या चोळून मिटवता येतात.

ठसा कलणे हे दुसरे कारण. तो कडेने कलला तर प्रत्येक ठोक्याला कोपऱ्याची चंद्राकृती खूण उमटते. आतल्या घट्ट वळणांसाठी अरुंद बेव्हलर आणि लांब रेघांसाठी रुंद बेव्हलर वापरावा. तुमच्या संचात एकच असेल तर वळणावर आणखी कमी सरकवावे, एवढाच उपाय आहे.

उतार नेमका कोणत्या बाजूला द्यायचा, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण तिथेच नक्षी सपाट राहते. जी वस्तू पुढे दिसायला हवी तिच्या बाहेरच्या बाजूस बेव्हलर चालवायचा. एक पाकळी दुसरीवर आलेली असेल तर मागच्या पाकळीचा भाग खाली दबला पाहिजे. रेखाटनावरच दबायच्या बाजूला पेन्सिलीने छोट्या तिरप्या रेघा मारून ठेवल्यास ठोकताना गोंधळ होत नाही.

क्रमाबद्दल वेगवेगळी घराणी आहेत. फुलापानांच्या रूढ पद्धतीत सुरीचे सर्व मुख्य काप झाल्यावर आधी कॅमोफ्लाज (कमानीसारखा रेघाळ ठसा), मग पाकळ्यांत खोलगटपणा आणणारा पेअर शेडर, मग बेव्हलर, पानांच्या शिरांसाठी व्हेनर, फुलाच्या मध्यासाठी सीडर आणि शेवटी मोकळी जागा दाबणारा बॅकग्राउंडर, असा क्रम बहुतेक ठिकाणी शिकवला जातो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात खोगीर बनवणारे कारागीर डॉन किंग यांनी रूढ केलेल्या शेरिडन शैलीत वर्तुळाकार वेलींमध्ये फुले दाटीने बसवतात. तिथे बारकाव्यांचे ठसे वेगळे असतात, पण ती शैली सध्या बाजूला ठेवलेली बरी. सीडरला मात्र जपावे. त्याचा पृष्ठभाग इतका लहान असतो की जोराचा ठोका चामड्याची वरची त्वचा कापून गोल टिकलीच वेगळी करतो. शोभेचे मुक्त काप, म्हणजे पाकळीच्या आतील लयदार निमुळत्या रेघा, सर्वांत शेवटी येतात आणि त्यांच्या मागोमाग कोणताही ठसा चालत नाही, त्यामुळे तिथे हाताचा कस उघडा पडतो. मला विचाराल तर हे काप पहिल्या काही कामांत गाळलेलेच बरे.

ठशांच्या दांड्यावर कोरलेली अक्षरेही उपयोगी पडतात. क्राफ्टूल या ठशांच्या छापाच्या प्रचलित वर्गवारीत ए म्हणजे बॅकग्राउंडर, बी म्हणजे बेव्हलर, सी म्हणजे कॅमोफ्लाज, पी म्हणजे पेअर शेडर, एस म्हणजे सीडर आणि व्ही म्हणजे व्हेनर. पुढचा आकडा आकार आणि नमुना दाखवतो. तुमच्या सहा ठशांत या सहा अक्षरांपैकी प्रत्येकी एक असेल तर फुलापानांचे बहुतेक सारे काम त्यांतच भागते.

रेघोटी

चामडे पसरण्याविषयी. चामडे ठोकले की दाबलेला भाग पातळ होतो आणि जाडीत कमी झालेले चामडे बाजूंना जाते, त्यामुळे थोडे पसरणे अटळ आहे. ते रोखण्यासाठी चामडे पूर्ण कोरडे असताना त्याच्या मागच्या लवदार बाजूवर पॅकिंगची रुंद टेप पट्ट्यापट्ट्यांनी, एकमेकींवर किंचित चढवून, घट्ट चिकटवावी. मोठ्या तुकड्यासाठी रबर सिमेंटने जाड पुठ्ठा किंवा ताठ प्लॅस्टिकचा पत्रा लावणे अधिक खात्रीचे आहे. त्यानंतरच वरून पाणी द्यावे. काम वाळल्यावर टेप सावकाश, जवळजवळ सपाट दुमडून ओढावी. झटका दिला तर तंतू उपटले जातात.

तुकडा मुळातच मापापेक्षा सर्व बाजूंनी थोडा मोठा कापावा आणि नक्षी पूर्ण वाळल्यावर रापीने अंतिम मापाला छाटावा. वेष्टणाचे माप आधीच नेमके कापून ठेवणे हा नाहक धोका आहे. कातड्याचा कोणता भाग आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, तर पोटाकडचा भाग सैल असून सर्वांत जास्त पसरतो. स्वस्त तुकड्यांच्या गठ्ठ्यात पोटाकडचेच भाग अधिक असतात. ते सरावाला चालतात, वहीच्या वेष्टणाला नाहीत. आणि जाडी औंसांत सांगितली असेल तर १ औंस म्हणजे १/६४ इंच, सुमारे ०.४ मिलिमीटर असा हिशेब धरावा. आपले चामडे साधारण ७ ते ८ औंसांचे आहे आणि कोरीवकामासाठी ते पुरेसे जाड आहे.

शिकाऊ_हात

हे सर्व फार उपयुक्त आहे. एकच शेवटची शंका. वाळलेल्या कामावर अँटिक पेस्ट (खोलगट भाग गडद करून नक्षी उठावदार करणारी रंगीत पेस्ट) लावली असता खोलगट भागांबरोबर फुलाचा उठलेला भागही तितकाच काळपट होतो आणि नक्षी बुडून जाते. पेस्ट लगेच पुसली तरी फरक पडत नाही.

जुनी_मोगरी

आपण रोधक लेप न देता पेस्ट लावत आहात. उघडे व्हेज-टॅन चामडे पेस्टमधील रंग तत्काळ पिते, मग कितीही पुसले तरी तो निघत नाही. काम किमान एक दिवस सावलीत आडवे ठेवून वाळू द्यावे. ऊन किंवा गरम हवेचे यंत्र वापरल्यास चामडे कडक होते. नंतर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांपासून काढलेल्या, चामडे मऊ ठेवणाऱ्या तेलाचा) अगदी पातळ हात द्यावा आणि ते सर्वत्र मुरेपर्यंत थांबावे, जास्त तेलाने नक्षी मऊ पडते आणि रंगही गडद होतो. मूळ रंग द्यायचा असेल तर तो या टप्प्यावर. त्यानंतर अॅक्रिलिक किंवा लॅकरचा पारदर्शक रोधक लेप दोन पातळ थरांत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, असा द्यावा. लेपाचा जाड थर खोलगट भागांत साचून पांढुरका दिसतो, म्हणून ब्रश किंवा स्पंज जवळजवळ कोरडा असावा.

आता पेस्ट लावावी, कापांच्या तळापर्यंत घासावी आणि सुकण्यापूर्वीच गुळगुळीत, घड्या न पडलेल्या कापडाने वरच्यावर पुसावी. कापड बोटावर गुंडाळून दाबले तर ते खोलगट भागात शिरून तिथली पेस्टही काढून टाकते, त्याऐवजी ते सपाट लाकडी ठोकळ्याभोवती ताणून धरावे. शेवटी पारदर्शक लेपाचा आणखी एक थर, अन्यथा पेस्ट कपड्यांना लागते. हा सगळा क्रम आधी त्याच चामड्याच्या छाटलेल्या कडेवर करून पाहावा, कारण निरनिराळ्या कारखान्यांचे चामडे तेल आणि रंग सारख्या प्रमाणात पीत नाही.

ज्या कामावर पेस्ट आधीच मुरली आहे ते फेकू नका. त्यावर गडद तपकिरी रंगाचा सलग हात दिल्यास ठशांची खोली सावलीतून तरी दिसते.